मान कोणाचा, शिक्का कोणाचा?



काही रविवारांपूर्वीची गोष्ट. सकाळची दुसरी मिस्सा आटोपून मी बाहेर आलो, तर आपल्या युवा मंडळातली दोन मुले चर्चच्या पायऱ्यांवर हमरीतुमरीवर आलेली. विषय फुटबॉलचा होता. ब्राझीलमधला पाल्मेइरास नावाचा क्लब कधी जगज्जेता झाला आहे की नाही, यावरून वाद पेटला होता. एकाने आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. "हे बघा फादर, फिफाने स्वतः मान्य केलंय. १९५१ साली पाल्मेइरास जिंकला. २०१४ चा निर्णय आहे." लगेच दुसऱ्याने आपला मोबाईल पुढे केला. "आणि हेही फिफाचंच आहे, २०१७ चं. यात जगज्जेत्यांची नावं दिलीत. पाल्मेइरासचं नाव कुठंय, दाखवा!"

संस्था एकच, कागद दोन, आणि दोन्ही खरे! मी म्हटले, "अरे, मला जरा वाचू द्या. उत्तर आपल्या पत्रिकेत देतो." मला वाटले, अर्ध्या तासाचे काम आहे. पण वाचत गेलो तसतसे लक्षात आले की, हा प्रश्न फुटबॉलपुरता नाही. आपण केलेले काम खरे केव्हा ठरते? केले तेव्हा, की कोणी त्यावर शिक्का मारला तेव्हा? हा प्रश्न तुमच्या-माझ्या घरातला आहे. म्हणून आज थोडे फुटबॉलविषयी आणि थोडे त्यापलीकडचे बोलू या.

अगोदर १९५० सालात जाऊ. त्या वर्षी विश्वचषक स्पर्धा ब्राझीलमध्ये होती. तिच्यासाठी रिओ दी जानेरो शहरात मारकाना हे अवाढव्य मैदान बांधले गेले. १६ जुलै १९५०, रविवार. शेवटचा सामना ब्राझील आणि उरुग्वे यांच्यात होता. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरली असती. सुमारे दोन लाख माणसे मैदानात जमली होती. ब्राझीलने पहिला गोल केला. मग उरुग्वेने बरोबरी साधली, आणि सामना संपायला अकरा मिनिटे उरली असताना घिग्गिया या खेळाडूने दुसरा गोल मारला. ब्राझील १-२ असा हरला. मैदान चिडीचूप झाले. आमच्याकडे घरात कोणी गेले म्हणजे जी शांतता पसरते, तशी शांतता त्या देशावर पसरली असे म्हणतात.

बरोबर एक वर्ष आणि सहा दिवसांनी, त्याच मैदानावर, रविवारीच, दुसरा एक अंतिम सामना झाला. आपल्या मुलांचा वाद त्या सामन्याचा.

ब्राझीलच्या क्रीडा महासंघाने १९५१ च्या जून-जुलैमध्ये एक स्पर्धा भरवली. तिला 'कोपा रिओ', म्हणजे रिओ चषक, या नावाने ओळखतात. कल्पना त्या काळाच्या मानाने मोठी होती. देशांचे संघ आपसात खेळत होतेच, आता युरोप आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांतले विजेते क्लब समोरासमोर आणायचे. युरोपमधले क्लब जमवण्याच्या कामी ओत्तोरिनो बारास्सी या इटालियन गृहस्थांनी मदत केली. हे फिफाचे पदाधिकारी. दुसऱ्या महायुद्धात विश्वचषक नाझींच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी तो बुटांच्या खोक्यात घालून आपल्या पलंगाखाली लपवून ठेवला होता. माणूस फिफाचा, पण स्पर्धा फिफाने भरवलेली नव्हती. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ इथेच आहे.

आठ क्लब आले. रिओतल्या गटात वास्को द गामा, पोर्तुगालचा स्पोर्टिंग, ऑस्ट्रिया व्हिएन्ना आणि उरुग्वेचा नासिओनाल. (वास्को द गामा म्हणजे शाळेच्या इतिहासात आपल्याला भेटलेला तोच दर्यावर्दी. रिओतला क्लब त्याच्या नावाचा आहे.) साओ पाउलोतल्या गटात पाल्मेइरास, इटलीचा युव्हेंटस, फ्रान्सचा नीस आणि युगोस्लाव्हियाचा रेड स्टार बेलग्रेड. युरोपमधले काही मोठे क्लब मात्र आले नाहीत.

पाल्मेइरासची सुरुवात चांगली झाली. नीसवर ३-० आणि रेड स्टारवर २-१ असा विजय मिळाला. मग युव्हेंटसने त्यांना ४-० असे धुऊन काढले. तरी गटात दुसरे राहून ते पुढे गेले. उपांत्य फेरीत त्यांनी वास्को द गामाला हरवले, एक सामना २-१ असा जिंकून आणि दुसरा ०-० असा राखून. अंतिम फेरीत समोर पुन्हा युव्हेंटस! १८ जुलैचा पहिला सामना पाल्मेइरासने रोद्रिगेसच्या गोलावर १-० असा जिंकला. २२ जुलैला दुसरा सामना. युव्हेंटसकडून डेन्मार्कच्या प्रेस्टने गोल केला, रोद्रिगेसने तो फेडला. बोनिपेर्तीने युव्हेंटसला पुन्हा पुढे नेले, आणि लिमिन्याने पुन्हा बरोबरी केली. २-२. दोन सामने मिळून ३-२. चषक पाल्मेइरासचा! लाखभर लोकांनी तो सामना पाहिला. रिओचे लोक एरवी साओ पाउलोच्या क्लबला कशाला टाळ्या देतील? पण त्या दिवशी दिल्या. संघ साओ पाउलोला परतला तेव्हा रस्ते माणसांनी भरून गेले. वर्तमानपत्रांनी 'जगज्जेता' म्हणून मथळे दिले.

या विजयात दोन गोष्टी मनाला लागतात. पाल्मेइरासच्या संघात जाइर आणि जुवेनाल हे दोघे होते. आदल्या वर्षी त्याच मैदानावर उरुग्वेकडून हरलेल्या संघातही हे दोघे होते. आणि पाल्मेइरासचे प्रशिक्षक व्हेंतुरा काम्बोन, ते होते उरुग्वेचे!

दुसरी गोष्ट अशी की, हा क्लब मुळात इटलीहून पोट भरायला आलेल्या माणसांचा. १९१४ साली त्यांनी तो स्थापन केला तेव्हा त्याचे नाव होते 'पालेस्त्रा इटालिया'. १९४२ मध्ये ब्राझील दोस्तराष्ट्रांच्या बाजूने युद्धात उतरला, इटली शत्रू ठरली, आणि क्लबला आपले नाव टाकावे लागले. सप्टेंबर १९४२ मध्ये नव्या नावाने पहिला सामना खेळायला खेळाडू मैदानात उतरले ते ब्राझीलचा झेंडा हाती धरून. आम्ही याच मातीचे आहोत, हे त्यांना दाखवून द्यावे लागले. नऊ वर्षांनी याच क्लबने इटलीच्या संघाला हरवून ब्राझीलचे डोळे पुसले.

येथवर सगळे सरळ आहे. आता शिक्क्याची गोष्ट.

१९५२ मध्ये हीच स्पर्धा पुन्हा झाली. ती रिओच्या फ्लुमिनेन्स क्लबने जिंकली. १९५३ मध्ये नाव आणि स्वरूप बदलून एक स्पर्धा झाली, ती वास्कोने जिंकली. मग सारे थांबले. १९६० पासून युरोपचा विजेता आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता यांच्यात दरवर्षी लढत होऊ लागली. २००० साली फिफाने आपली स्वतःची क्लबांची विश्वचषक स्पर्धा सुरू केली. पहिला अंतिम सामना मारकानावरच झाला आणि जिंकला कोण? कोरिंथियन्स, साओ पाउलोमधला पाल्मेइरासचा हाडवैरी! तेव्हापासून प्रतिस्पर्ध्यांना चिडवायला एक हुकमी विषय मिळाला: तुमच्याकडे विश्वचषक नाही. मैदानात त्याचे गाणे म्हणतात.

पाल्मेइरासने जुने कागद गोळा केले आणि फिफाचे दार ठोठावले. २००७ मध्ये फिफाच्या कार्यालयातून अनुकूल पत्र आले. मंडळी नाचली. पण पुढे त्यावर शिक्कामोर्तब झाले नाही. ७ जून २०१४ रोजी साओ पाउलोत फिफाच्या कार्यकारी समितीने ठराव केला: १९५१ ची स्पर्धा ही क्लबांची पहिली जागतिक स्पर्धा आणि पाल्मेइरास तिचा विजेता. मंडळी पुन्हा नाचली. जानेवारी २०१७ मध्ये फिफाने सांगितले की, अधिकृत जगज्जेते म्हणजे २००० पासूनच्या आमच्या स्पर्धेचे विजेते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फिफाची बैठक आपल्या देशात, कोलकात्यात भरली. तेव्हा भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक चालू होता, त्याचे काही सामने नव्या मुंबईतही झाले होते. त्या बैठकीत १९६० ते २००४ या काळातल्या विजेत्यांना जगज्जेते म्हणून मान्यता देण्यात आली. १९५१ त्यात नव्हते. १९५२ चा फ्लुमिनेन्स तर कुठेच नाही. म्हणजे आपल्या दोन्ही मुलांचे मोबाईल खरेच बोलत होते.

आता मला सांगा, या सगळ्या ठरावांमध्ये २२ जुलै १९५१ च्या दुपारी काय बदलले? लिमिन्याचा गोल २००७ मध्ये थोडा झाला, २०१४ मध्ये पूर्ण झाला आणि २०१७ मध्ये पुसला गेला, असे घडले का? हसू येते ना? पण आपण आपल्या आयुष्यात नेमके असेच वागतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक प्रश्न आमच्यापुढे आला होता. देव सर्वशक्तिमान आहे, तर तो झालेली गोष्ट न झालेली करू शकतो का? संत थॉमस अक्वायनस यांचे उत्तर आहे, नाही. देवाची शक्ती कमी पडते म्हणून नव्हे. 'झाले' आणि 'झाले नाही' ही दोन्ही एकाच गोष्टीविषयी एकदम खरी असू शकत नाहीत, म्हणून. त्यांच्याही आधी ॲरिस्टॉटलने एका ग्रीक कवीचा आधार घेऊन हेच सांगितले होते. तेव्हा आम्ही मुले म्हणायचो, असल्या प्रश्नांचा उपयोग काय? आज मला त्याचा उपयोग कळतो. जे देवही पुसत नाही, ते कुठल्या कार्यालयाला पुसता येणार? आणि जे घडून गेले, त्यात कोणी भरही घालू शकत नाही.

पण थांबा. दुसऱ्या मुलाचेही काहीतरी बरोबर आहे. 'गोल झाला' हे एका प्रकारचे सत्य आहे. 'जगज्जेता' हे दुसऱ्या प्रकारचे सत्य आहे. गोल पाय आणि चेंडू मिळून होतो. 'जगज्जेता' हे माणसांनी एकमेकांत ठरवून दिलेले नाव आहे. सरपंच, पदवीधर, विजेता, ही सगळी नावे अशीच. ती द्यायला कोणीतरी लागते, नियम लागतो, नोंद लागते. आपल्या चर्चमध्ये स्नानसंस्काराची नोंदवही आहे. मूल ख्रिस्ती होते ते पाण्याने आणि शब्दाने, वहीतल्या शाईने नव्हे. वही जळाली म्हणून कोणाचा स्नानसंस्कार रद्द होत नाही. पण म्हणून वही निरुपयोगी आहे का? लग्न ठरल्यावर दाखला मागायला तुम्ही माझ्याकडेच येता! नोंद ही घटना घडवत नाही, ती घटनेची साक्ष देते. साक्षीदाराचे काम खरे बोलणे आणि वेळेवर बोलणे. फिफाचे इथेच चुकले असे मला वाटते. साक्षीदाराने आज एक आणि उद्या दुसरे सांगितले तर घटना खोटी ठरत नाही, साक्षीदाराची पत जाते.

खरे बोलण्याचा नियम पाल्मेइरासलाही लागू आहे बरे का. संत थॉमस सत्य हा एक सद्गुण मानतात आणि त्याच्या दोन बाजूंना दोन दोष दाखवतात. एका बाजूला बढाई, म्हणजे आहे त्याहून जास्त सांगणे. दुसऱ्या बाजूला खोटी नम्रता, म्हणजे आहे त्याहून कमी सांगणे. त्या स्पर्धेत आठ क्लब होते. इंग्लंड, स्पेन, अर्जेंटिना यांचा एकही क्लब नव्हता. आफ्रिका आणि आशिया तर त्या चित्रातच नव्हते. तेव्हा 'साऱ्या जगाला हरवले' हे म्हणणे जास्तीचे होईल. पण 'ती एक मैत्रीची स्पर्धा होती, तिचे काय मोठेसे' असे हिणवणे हेही तितकेच खोटे. दोन खंडांतल्या नामांकित क्लबांना एकत्र आणणारी तेवढी मोठी स्पर्धा तोवर झाली नव्हती, आणि ती पाल्मेइरासने जिंकली. एवढेच सांगितले तरी ते पुरेसे मोठे आहे. त्याला शेपूट जोडायला नको आणि त्याचे पंख छाटायलाही नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माणसाला मानाची एवढी भूक का असते? ॲरिस्टॉटल म्हणतो, मान ही फार वरवरची गोष्ट आहे, कारण ती मान मिळवणाऱ्यापेक्षा मान देणाऱ्याच्या हातात असते. संत थॉमस हाच धागा पुढे नेतात: मान ही चांगुलपणाची खूण आहे, चांगुलपणा नव्हे. चांगुलपणा अगोदर असतो, खूण मागून येते. कधी येतच नाही. म्हणून ज्याने आपले सुख मानात ठेवले, त्याने आपल्या घराची चावी शेजाऱ्याला देऊन टाकली. शेजारी घरी असेल तेव्हाच त्याने घरात शिरायचे!

हे ऐकून कोणी म्हणेल, "बरोबर आहे फादर. मान-बिन काही खरे नाही. कोणाचे आभार माना, कोणाचा सत्कार करा, ही थेरे बंद करावीत. देवाला सगळे ठाऊक आहे." इथे मात्र सावध राहायला हवे. हे वाक्य स्वतःविषयी म्हटले तर ती साधना आहे. दुसऱ्याविषयी म्हटले तर तो कंजूसपणा आहे. "मला मान नको" असे मी म्हणू शकतो. "त्याला मान कशाला हवा?" असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. स्वतःच्या मानाविषयी बेफिकीर असणे हा सद्गुण, दुसऱ्याच्या मानाविषयी बेफिकीर असणे हा अन्याय. आपण बहुतेक वेळा उलटे करतो. आपले नाव पत्रिकेत चुकले की आठ दिवस बोलत नाही, आणि दुसऱ्याचे राहिले की म्हणतो, "राहिले असेल, त्यात काय एवढे!"

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. माझ्या हातून झालेली चूक सांगतो. अनेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथे चर्चची इमारत वाढवली होती आणि देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक लावायचा होता. यादी करायचे काम माझ्याकडे आले. मी पावती-पुस्तके काढली आणि एकेक नाव उतरवून घेतले. एकही पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. फलक लागला, आशीर्वाद झाला, चहापाणी झाले. काही वर्षांनी त्या गावातल्या एका गवंड्याच्या अंत्यविधीला गेलो. त्याची मुलगी मला म्हणाली, "फादर, बाबांनी दोन वर्षं रविवार-रविवार येऊन चर्चच्या भिंतीचं काम केलं. मजुरी घेतली नाही. फलक लागला त्या दिवशी त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग घरी आले. कुणाला काही बोलले नाहीत."

माझ्या यादीत त्यांचे नाव नव्हते. कारण श्रमाची पावती फाडलेली नव्हती. मी म्हटले, "आपण आता लावू या नाव." ती म्हणाली, "लावा ना फादर. आम्हाला बरं वाटेल. पण बाबा आता वाचणार नाहीत."

ते नाव पुढे लागले. पण तिचे ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. कोपा रिओविषयी वाचताना ते पुन्हा आठवले, त्याचे कारण सांगतो. पाल्मेइरासचा एक गोलरक्षक होता, ओबेरदान कात्तानी. क्लबचे नाव पालेस्त्रा होते तेव्हापासून तो तिथे खेळत होता. १९४२ च्या त्या झेंडा घेऊन उतरलेल्या संघातही तो होता. १९५१ च्या स्पर्धेत तो खेळला. अंतिम सामन्यांत मात्र गोलात त्याच्या जागी फाबियो क्रिप्पा उभा होता. संघ जिंकला, आणि हा बाजूला होता. फिफाचा ठराव झाला ७ जून २०१४ ला. ओबेरदान वारला २० जूनला. मध्ये तेरा दिवस. तो ९५ वर्षांचा होता. त्याच्या सोबत्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला हे तेरा दिवसही आले नाहीत. त्रेसष्ट वर्षे हा शिक्का येत होता!

त्यांना शिक्क्याची गरज होती का? त्यांनी काय केले ते त्यांना ठाऊक होते. तरीही, उशीर करणाऱ्यांचा हिशेब त्याने चुकता होत नाही. मान मिळाला नाही म्हणून ते लहान झाले नाहीत. तो द्यायला उशीर झाला त्यात लहान झाला तो देणारा.

आणखी एका गोलरक्षकाविषयी सांगतो आणि थांबतो. मोआसिर बार्बोसा. १९५० च्या त्या सामन्यात ब्राझीलच्या गोलात तो उभा होता. घिग्गियाचा चेंडू त्याच्या आणि खांबाच्या मधून आत गेला. बार्बोसा वास्को द गामाचा. क्लबासाठी त्याने किती चषक जिंकून दिले, त्याच्या काळातल्या उत्तम गोलरक्षकांत त्याची गणना होत असे. पण देशाने त्याच्या नावापुढे तो एकच गोल लिहिला. मैदानात अकरा जण होते, दोष एकट्यावर आला. तो काळ्या वर्णाचा होता, त्याचाही त्यात वाटा होता असे तिकडचेच लोक सांगतात. तो म्हणायचा की, ब्राझीलच्या कायद्यात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी तर पन्नास वर्षे भोगतो आहे. एप्रिल २००० मध्ये तो वारला.

पाहा, मान न देणे हा एक अन्याय. पण त्याहून मोठा अन्याय आहे, तो म्हणजे माणसावर चुकीचा शिक्का मारून तो कधीच न काढणे. झालेले न झालेले करता येत नाही, हे मी वर म्हटले. तो गोल झाला, हे खरेच. पण त्या गोलाचा अर्थ काय, हे ठरवणे आपल्या हातात असते. जाइर आणि जुवेनाल यांना एका वर्षात त्याच मैदानावर दुसरी संधी मिळाली. बार्बोसाच्या हाती तेवढेसुद्धा नव्हते. त्याला संधी देण्यासाठी मैदान लागत नव्हते, चषक लागत नव्हता. रस्त्यात भेटणाऱ्या माणसाने हसून "कसे आहात?" एवढे म्हटले असते तरी पुष्कळ होते. क्षमा केल्याने भूतकाळ पुसला जात नाही. त्या एका दिवसाला माणसाच्या सबंध आयुष्यावर बसू न देणे, हे क्षमेचे काम. आपल्या गावात, आपल्या आळीत असे बार्बोसा आहेत. कोणाचा धंदा बुडाला, कोणाच्या मुलीने पळून जाऊन लग्न केले, कोणी एकदा दारूच्या नशेत चारचौघांत तोल सोडला. वीस वर्षे झाली, तरी त्यांची ओळख आपण त्याच एका दिवसाने करून देतो.

तर मुलांनो, तुमच्या वादाचा निकाल असा. पाल्मेइरास १९५१ ची स्पर्धा जिंकला, यात कोणी काही कमी-जास्त करू शकत नाही. 'जगज्जेता' हे नाव द्यायचे की नाही, यावर फिफाने दोनदा दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि उद्या तिसरी सांगेल. तुम्ही त्यावर खुशाल भांडा, पण चर्चच्या पायऱ्या सोडून. आणि तुमचा संघ जिंकला तर आधी मैदान झाडणाऱ्या माणसाचे नाव काय आहे, ते मला येऊन सांगा.

बाकी सर्वांसाठी एक विनंती. सॅक्रिस्टीत मी एक साधी वही ठेवली आहे. आपल्या या चर्चसाठी ज्यांनी हात लावला, पण ज्यांच्या नावाची पावती कधी फाडली गेली नाही, त्यांची नावे तिच्यात लिहा. विहिरीचे पाणी वाहणारे, सणाच्या आदल्या रात्री जागणारे, वेदीची कापडे वर्षानुवर्षे धुणाऱ्या बाया, घंटा वाजवणारे. स्वतःचे नाव कोणी लिहू नये, दुसऱ्याचे लिहावे. आणि हयात असलेल्यांची नावे आधी लिहा. त्यांना अजून वाचता येते.

आपला,
धर्मगुरू